सुजाताचा ळ

तू म्हणाली होतीस, हात लावू नकोस. लावला. आता काय करणार आहेस?

हे वाक्य गेल्या काही दिवसांत मी स्वतःशी इतक्या वेळा म्हटलंय की त्यातला तोरा संपून नुसती चिडचिड उरली आहे. दवाखान्यात शेवटची भेटलीस तेव्हा नाकात नळी होती, आवाज बसलेला होता, आणि सूचना मात्र ऑफिसात बसल्यासारख्या चालू होत्या. "वैजू, पुस्तकाच्या फायलींना हात लावू नकोस. मी आले की करते." मी म्हटलं, "बरं बाई." तू आली नाहीस, आणि मी त्या "बरं बाई"ला बांधली गेले.

गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही असं म्हणतात. येतं की. मी रोज भांडते आहे, पोळ्या लाटताना, सिग्नलला थांबल्यावर. फक्त समोरून टोला येत नाही, आणि तुझ्या टोल्याशिवाय भांडण म्हणजे मिठाशिवाय पिठलं.

तुला जाऊन दोन-तीन दिवस झाले असतील. कात्रजला तुमच्या घरी माणसं बसायला येत होती, जिना चपलांनी भरला होता. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुझ्या आईला मीही आईच म्हणते, आणि त्याचा तुला कायम जरा राग होता. तुझ्या भावाने रविवारच्या जलदान विधीचा विषय काढला. तुमच्याकडे त्या दिवशी बुद्धवंदना होते आणि गेलेल्या माणसाच्या नावाने काहीतरी दान देतात. बरेच जण एखादं छोटं पुस्तक आलेल्यांच्या हातात ठेवतात. भाऊ म्हणाला, "वंदनेचं पुस्तक आणू या. तयार मिळतं."

आईंनी मान वर केली. "माझी लेक जन्मभर पुस्तक करत होती, आणि तिच्या नावाने दुसऱ्याचं वाटायचं? वैजू, तिचं होईल का रविवारपर्यंत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "होईल."

असं कुणी म्हणतं का, सांग. फाईल उघडून बघितलेली नाही, तुला दिलेला शब्द मोडायचा की नाही ते ठरलेलं नाही, आणि मी होईल म्हणून मोकळी. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हिला कुणी तारीख विचारली की ही हो म्हणते, मग घरी जाऊन रडते." घरी जाऊन मी रडलेही, पण त्याचं कारण तारीख नव्हती.

पुस्तक कशाचं, हे लोकांना सांगताना माझी आजही धांदल उडते. मराठी मुलांना रोमन लिपीतली पाली वाचायला शिकवणारी पाठमाला. देवनागरी असताना रोमन कशाला, असं मीच तुला पहिल्यांदा विचारलं होतं. तेव्हा तू कॉलेजातली गोष्ट सांगितलीस. एका ग्रंथालयात पालीची थोरली पुस्तकं काचेच्या कपाटात होती, परदेशात छापलेली, म्हणून सगळी रोमन लिपीत. तू एक मागितलंस. तिथल्या बाईंनी तुला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला वाचता यायचं नाही ते." तू मला सांगताना हसत होतीस. "आणि खरंच येत नव्हतं गं. तेच डोक्यात गेलं." घरात आई रोज वंदना म्हणतात, गाथा तोंडपाठ, आणि त्याच भाषेचं पुस्तक समोर आलं की अक्षरांवरच्या रेघा आणि खालची टिंबं बघून दारातून परत फिरायचं, हे तुला कदापि मंजूर नव्हतं. माझ्या सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, "पाली शिकून करतात काय?" तू म्हणालीस, "वाचतात." सासूबाई तुला त्यानंतर दरवर्षी तिळगूळ द्यायच्या, पण जपून.

कोथरूडातल्या आपल्या गाळ्यात, सोसायटीच्या पार्किंगला लागून, आपण अक्षरजुळणी करत होतो. पत्रिका, प्रबंध, शाळांची स्मरणिका. त्यातून वेळ काढून तुझं पुस्तक. आणि तेव्हा संगणकात ही अक्षरं नव्हतीच. हल्लीच्या पोरांना हे खरं वाटत नाही. संगणक अक्षर ठेवत नाही, आकडा ठेवतो, आणि कोणत्या आकड्याला कोणता आकार दाखवायचा ते फॉन्ट ठरवतो. जुन्या फॉन्टमध्ये अडीचशेच्या आसपास आकडे, म्हणजे तेवढ्याच खुर्च्या. निम्म्या साध्या इंग्रजीने अडवलेल्या, उरलेल्यांवर फ्रेंच आणि जर्मन पाहुणे. ā, ṇ, ḷ, म्हणजे डोक्यावर रेघ असलेला ए, पायाशी टिंब असलेला एन आणि तसाच एल, यांना बसायला स्टूलसुद्धा नाही.

तू त्या पाहुण्यांना उठवलंस. पौंडाची खूण आपल्याला कधी लागणार? तिच्या जागी ण. येनच्या जागी लांब आ. कॉपीराइटच्या खुणेच्या जागी ञ. एकेक आकार तू माउसने रेखलास. टिंब केवढं असावं आणि अक्षराच्या किती खाली, यावर आपण दुपारच्या दुपारी वाद घातले. मला ते मोहरीएवढं हवं होतं, तुला साबुदाण्याएवढं. साबुदाणा जिंकला. आज सांगते, तुझंच बरोबर होतं, लहान टिंब छपाईत गायब झालं असतं.

आणि ते तपासणं! एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने छापील कागदावर बोट ठेवून बघायचं. प्रत्येक रेघ, प्रत्येक टिंब तोंडाने बोलायचं. "के, ए, आर, यू, टिंब एन, रेघ ए." लग्नाची पत्रिका टाकायला आलेले एक गृहस्थ बाहेरच थांबले होते. मी विचारलं, या की आत. ते म्हणाले, "नको, तुमचं पारायण होऊ द्या." तू हसून हसून टेबलाला डोकं टेकलंस. तू म्हणायचीस, एवढं वाचतेस तर पाली शिकून घे. मी म्हणायचे, मला टिंबाशी मतलब, अर्थ तुझा तू बघ. हा वाद आपण शेवटपर्यंत चालू ठेवला, आवडीने.

मग युनिकोड आलं. जगातल्या प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा आकडा, कायमचा. पौंड पौंडाच्या जागी, ण णच्या जागी, कुणी कुणाला उठवायचं नाही. मी लगेच तिकडे गेले. तू नाही.

"तुझा ण तुझ्या मशीनबाहेर गेला की पौंड होतो, सुजाता."

"मग त्याला म्हणावं बाहेर जाऊ नकोस."

"पुस्तक लोकांपर्यंत कसं जाणार?"

"छापून जाणार. तू काय मोबाईलवर वाचणार आहेस?"

वर्षानुवर्षं हाच संवाद, आणि दर वेळी शेवटी तू चहा टाकायला उठणार, म्हणजे विषय बंद. इतर सगळ्या कामांना तू माझ्याबरोबर युनिकोड वापरलंस, कुरकुर न करता. फक्त हे पुस्तक तुझ्या फॉन्टात, तुझ्या लॅपटॉपवर. पाठ वाढत राहिले, पुस्तक संपत नव्हतं. फॉन्ट तू काढला होतास म्हणून तुझा जीव त्यात अडकलाय असंच मी धरून चालले होते.

तर आईंना हो म्हणून झालं, आणि मी तुझी फाईल माझ्या मशीनवर उघडली. नव्या सॉफ्टवेअरने तुझा जुन्या पद्धतीचा फॉन्ट घ्यायलाच नकार दिला. साधा फॉन्ट लावला, आणि भगवंतांच्या वचनात पौंड, येन आणि कॉपीराइट. जणू कुणी परदेशी बँकेने उपदेश केलाय. मला हसू आलं आणि त्याच क्षणी वाटलं, हे तुला दाखवायला हवं, आणि मान वळवली. तुझ्या खुर्चीवर माझी पर्स होती. तो क्षण फार वाईट गेला, सुजाता.

तुझी भाची प्राची खराडीहून ऑफिस सुटल्यावर आली. हेल्मेट टेबलावर, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मावशी, चिल. कुठल्या खुणेचं कुठलं अक्षर ते मला सांग. मी स्क्रिप्ट लिहिते, टू मिनिट्स." मी सांगत गेले, सगळं तोंडपाठ होतं. तिने बटण दाबलं आणि पौंड उठले, ण बसले. खुर्च्या ज्यांच्या त्यांना मिळाल्या. माझ्या मोबाईलवर तुझा पहिला पाठ उघडला, रेघा आणि टिंबांसकट, स्वच्छ. मी जिंकले होते. इतक्या वर्षांचा वाद जिंकले आणि ते ऐकवायला तू नव्हतीस. असला विजय कुणाला हवा होता?

तेवढ्यात प्राची म्हणाली, "या सेक्शनच्या खुणा, § अशा, कशाच्या? अशा भरपूर राहिल्यात."

मला ते माहीत नव्हतं. शब्द वाचले तेव्हा कळलं, तिथे ळ हवा. तुझा लाडका ळ. "पालीत आहे, मराठीत आहे, संस्कृताने मात्र घालवला," असं तू मिश्कीलपणे म्हणायचीस, आणि सोळस म्हणजे सोळा हे तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस. पण मी प्राचीला सांगितलेला ळचा आकडा भलताच होता, फाईलमध्ये तो कुठे सापडलाच नव्हता. प्राचीने खुणांचे ळ केले. पुस्तक पुढे चाळलं. अर्ध्यानंतर त्या खुणा थांबल्या होत्या, आणि ळही कुठे दिसत नव्हता. शब्द होते, पण मधून एक दात पडल्यासारखे.

प्राचीने फाईलच्या पोटात जाऊन बघितलं. "मावशी, आकडा आहे इथे. पण कम्प्युटरच्या दृष्टीने हे लेटरच नाही. हा हायफन आहे, लपलेला. ओळ तिथे तुटली तरच दिसतो, नाहीतर नाही. आत्याने या जागेवर ळ बसवलाय."

तुझ्या जुन्या मशीनवर ते खपून गेलं होतं. नव्या मशीनने त्या खुर्चीवर कुणी बसलंय हेच मान्य केलं नाही. मी म्हटलं, "मग त्या सगळ्यांचे ळ कर ना." तिने केले, आणि पुस्तकाला ळचं पुरळ आलं. कारण लांब शब्द ओळीच्या टोकाला नीट तुटावेत म्हणून आपणच जागोजागी तोच लपलेला हायफन टाकलेला. कोणता आकडा ळ आणि कोणता नुसता सांधा, हे मशीनला कळणं शक्य नव्हतं. ते वाचणाऱ्यालाच कळणार, शब्दागणिक.

"आणि ऐक," प्राची म्हणाली, या वेळी हळू आवाजात. "ही फाईल आत्याने अ‍ॅडमिट असताना सेव्ह केलीय."

तेव्हा मला सगळं कळलं. दवाखान्यातल्या जेवणाच्या त्या सरकत्या टेबलावर लॅपटॉप, मी आत आले की तुझं झाकण अर्धवट मिटणं. मी विचारलं होतं, काय करतेस? तू म्हणालीस, "काही नाही, सीरियल बघतेय." तुला सीरियलचा तिटकारा, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पुस्तक तुझ्या मशीनबाहेर गेलं की ळ गळणार हे तुला कळलं होतं, आणि तू एकेक ळ त्या आंधळ्या खुर्चीवरून उठवून सेक्शनच्या खुणेच्या जागी बसवत होतीस. हाताने, पहिल्या पानापासून.

मला तुझा इतका राग आला की प्राची घाबरली. अगं, एवढंच सांगायचं होतं! म्हणायचं होतं, वैजू, गोंधळ झालाय. मी हसले असते. आठवडाभर छळलं असतं, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं असतं. मग समोर बसले असते आणि आपण दोघींनी ते चार दिवसांत उरकलं असतं. फॉन्टातला जीव वगैरे काही नव्हतं. मी खिजवीन म्हणून तू एकटी बसलीस. आजारी माणसाने आराम करायचा सोडून ळ वेचायचे! आणि वर मला सांगायचं, हात लावू नकोस. आता तरी सांग, मी तुझी कोण होते?

राग दुसऱ्या दिवशीही होता, पण काम होतं. आई म्हणाल्या, "जे काय करायचं ते इथे करा. घर खायला उठतं." म्हणून कात्रजच्या घरी, खिडकीपाशी, प्राची लॅपटॉपवर आणि मी तिच्या शेजारी. तिने ऑफिसात रजा टाकली होती. मी मोठ्याने वाचायचे, लपलेला आकडा आला की ती म्हणायची "इथे", आणि मी सांगायचे ळ की सांधा. मला पाली येत नाही, हे तुला माहीत आहे. पण तोंडातून ळ आपोआप पडत होता. इतकी वर्षं तुझ्यासमोर वाचून वाचून जीभच तयार झाली होती. कुठे अडलं तर आई आतून, भाजी निवडता निवडता, तो शब्द पूर्ण करायच्या. मी एकदा वाचता वाचता थांबले. प्राचीने विचारलं, मावशी, काय झालं? मी म्हटलं, तुझी आत्या महालबाड होती, मला न सांगता शिकवत होती.

पण त्याआधी, सुरुवात कुठून करायची ते शोधायला गेलो तेव्हा जे सापडलं ते तुला सांगायचंय. तुझ्या दुरुस्त्या नेमक्या कुठे संपतात ते प्राचीने काढलं. पाठाच्या शेवटी नाही, पानाच्या शेवटी नाही. तूच मुलांसाठी रचलेल्या एका ओळीत. "दारका कीळन्ति, दारिकायो कीळन्ति." मुलगे खेळतात, मुली खेळतात. पहिल्या कीळन्तिमध्ये ळ होता. दुसऱ्यात नव्हता.

एका ओळीच्या मध्ये. नर्स आली असेल, गोळी द्यायला. किंवा दमली असशील. किंवा मीच आले असेन डबा घेऊन आणि तू झाकण मिटलं असशील. तू गेलीस ती तारीख मला पाठ आहे, वेळ पाठ आहे, पण तू थांबलीस ती जागा ही. मला ती दुरुस्त करवेना. दुसरा ळ बसवला की दोन्ही शब्द सारखे दिसणार, आणि तू इथवर आली होतीस हे जगात कुठेच उरणार नाही. मी प्राचीला म्हटलं, हे राहू दे, आपण पुढून करू.

पुढचं सगळं झालं. छापखान्यातून फोन यायला लागले. त्या ओळीत भोक ठेवून पुस्तक देता आलं असतं? देता आलं असतं. कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण ज्या पोराने तुझ्या पुस्तकावरून पहिल्यांदा ही लिपी वाचायची, त्याला तो शब्द तिथे अडला असता, आणि कुणीतरी त्याला म्हणालं असतं, तुला नाही जमायचं. मी ळ बसवला. माझ्या हाताने बसवला, प्राचीला करू दिलं नाही.

रविवारी तुमच्या वस्तीतल्या विहारात माणसं मावत नव्हती. तुझ्या फोटोला हार, पुढे मेणबत्त्या, आणि दाराशी पुस्तकांचे गठ्ठे. मी आईंच्या शेजारी सतरंजीवर बसले. प्राचीने पहिली प्रत आईंच्या हातात दिली. त्यांनी मुखपृष्ठावर हात फिरवला, पानं उलटली. रोमन त्यांना वाचता येत नाही. तुझ्या फोटोकडे न बघता त्यांनी मला विचारलं, "ती कुठपर्यंत आली होती गं?"

मी म्हटलं, "शेवटपर्यंत, आई. सगळं तिनेच केलं."

"खोटं बोलू नकोस. तिने काही शेवटाला नेलंय का कधी? शाळेतली तिची भरतकामं मी पुरी करायचे." मग पुस्तक माझ्यापुढे धरून, "दाखव मला."

मी पान काढलं आणि ती ओळ दाखवली. पहिल्या शब्दाच्या पुढे बोट टेकवलं. "इथपर्यंत ती."

आईंनी माझं बोट बाजूला केलं आणि त्या जागी आपलं ठेवलं. पुढचं कुणी केलं ते विचारलं नाही. फक्त मोकळ्या हाताने माझं मनगट धरलं, घट्ट.

भंतेजींनी खूण केली, सगळ्यांनी वंदनेला हात जोडले. आईंनी माझं मनगट सोडलं आणि त्यांनीही जोडले, मध्ये पुस्तक धरून, बोट त्या ओळीतच ठेवून.